लष्करभरतीचे दार आपल्या मुलींसाठी किती उघडे आहे?

पावसाळा संपला की रेवदंडा-मुरूड रस्त्यावर पहाटे मुलांच्या धावण्याचा आवाज सुरू होतो. सोळाशे मीटरचे अंतर विजेचे खांब मोजून ठरवलेले असते, वेळ बघायला कुणाच्या तरी हातात मोबाइल असतो. काशीद, नांदगाव, आगरदांडा, दिघी, श्रीवर्धन, किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात हेच दिसेल. या मुलांमध्ये आपल्या बौद्धवाडीतली मुले असतातच. मुली मात्र मोजक्या. एखादी असली तर ती पोलीस भरतीची तयारी करत असते. तिने लष्कराचे नाव काढले की घरातून पहिला प्रश्न येतो, "तिथे मुलींना घेतात का?"

हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांना आम्ही दोष देत नाही. कारण त्याचे खरे उत्तर अर्धे 'हो' आणि अर्धे 'नाही' असे आहे. कुठे हो, कुठे नाही आणि नाही म्हणण्यामागे कोणती कारणे दिली गेली, हे आपल्या तरुण-तरुणींना नीट माहीत असावे म्हणून हा लेख. दुसरेही एक कारण आहे. भरतीचे दार तोंडावर बंद होणे आपल्या समाजाला नवे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पणजोबांना जी कारणे सांगून परत पाठवले, त्यांच्याशी विलक्षण मिळतीजुळती कारणे अगदी परवापर्यंत मुलींना सांगितली जात होती. इतर कुणाला हे साम्य दिसले नाही तर समजू शकते. आपल्याला तरी ते दिसायला हवे.

रावढळचा हवालदार

महाडजवळचे रावढळ हे गोपाळबाबा वलंगकरांचे गाव. इंग्रजी लष्करात नोकरी करून ते हवालदार म्हणून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि पुढे दापोलीला राहिले. त्या काळी कोकणात आपल्या समाजातले असे अनेक पेन्शनर होते. मुंबई लष्करात महार शिपायांची भरती पिढ्यान् पिढ्या चालू होती. रत्नागिरी-कुलाब्याच्या गावागावांतून माणसे पलटणीत गेली होती. छावणीत शाळा असायची आणि सैनिकांच्या मुलामुलींना तिथे शिकायला मिळायचे. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. गावात पाणवठ्याला शिवू न देणारा समाज छावणीत मात्र त्याच माणसाला गणवेश, पगार, अक्षरओळख आणि म्हातारपणी पेन्शन देत होता. बाबासाहेबांच्या घरात पुस्तके आली ती याच वाटेने.

१८९२-९३ च्या सुमारास ही वाट बंद झाली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या अधिकाऱ्यांनी 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त उचलून धरला होता. काही जाती जन्मानेच शूर, काही जन्मानेच नालायक, असा त्याचा अर्थ. उत्तरेकडचे शीख, गुरखा, पठाण हे शूर ठरले आणि दक्षिणेकडचे, त्यातही आपण, बाद झालो. शिपाई म्हणून आपल्या माणसांनी आधी काय केले होते याची कुणी तपासणी केली नाही. कोरेगावच्या स्तंभावर आपल्या शिपायांची नावे कोरलेली होती, तरी ती पुरावा म्हणून कुणी वाचली नाहीत.

या सिद्धान्ताच्या पाठीशी आणखी एक कुरबुर होती. वरच्या जातीचा शिपाई खालच्या जातीच्या सुभेदाराचा हुकूम कसा मानणार? तिचे उत्तर खुद्द मुंबई लष्करानेच आधी देऊन ठेवले होते. तिथे 'परवारी' म्हणून नोंदलेले महार शिपाई आणि इतर जातींचे शिपाई एकाच रांगेत उभे राहत होते आणि शिस्तीपुढे जात चालत नव्हती. बंगालच्या लष्कराने जातीचे सोवळे सांभाळले. मुंबईच्या लष्कराने ते मानले नाही, म्हणून मुंबईचे लष्कर कुठे अडले नाही. हुकूम मानला जाणे हा शिस्तीचा प्रश्न असतो. देणाऱ्याच्या जन्माशी त्याचा संबंध जोडला तो बाहेरच्यांनी.

वलंगकरांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत विनंतीअर्ज नेला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दार बंद झाल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे गेली होती.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवू. युद्धात गरज पडली की दार उघडते, गरज संपली की बंद होते आणि ते बंद ठेवण्यासाठी कुठलातरी 'शास्त्रीय' वाटणारा सिद्धान्त पुढे केला जातो.

मुलींच्या बाबतीतही तेच

दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये हिंदी लष्करात स्त्रियांची सहायक तुकडी उभी राहिली. कार्यालये, दळणवळण, नौदलाची किनाऱ्यावरची कामे अशा अनेक जागी स्त्रियांनी गणवेशात काम केले. युद्ध संपले आणि ती तुकडी विसर्जित झाली. देश स्वतंत्र झाल्यावर १९५० चा आर्मी ॲक्ट आला. त्याच्या १२ व्या कलमाने स्त्रियांना नियमित लष्करात भरती होण्यास अपात्र ठरवले. केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या विभागांना सूट देईल तेवढाच अपवाद. म्हणजे संविधानाने त्याच वर्षी लिंगभेद नाकारला आणि लष्करात मात्र 'आधी बंदी, मग अपवाद' हा नियम राहिला. परिचारिका आणि डॉक्टर सोडल्यास स्त्रियांना १९९२ पर्यंत वाट बघावी लागली. त्या वर्षी काही शाखांत स्त्री अधिकारी घ्यायला सुरुवात झाली, तीही मर्यादित वर्षांसाठी.

मर्यादित वर्षे म्हणजे काय ते समजून घ्या. पुरुष अधिकाऱ्याला कायम कमिशन मिळते, तो बढतीच्या शिडीवर चढतो आणि पेन्शन घेऊन निवृत्त होतो. स्त्री अधिकाऱ्याला मुदत संपली की घरी जावे लागायचे. पेन्शनसाठी लागणारी वीस वर्षेही तिची पुरी होत नसत. याविरुद्धचा लढा दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया खटल्याचा निकाल लागला. स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन द्या, आणि त्यांना नेतृत्वाच्या जागा सरसकट नाकारता येणार नाहीत, असे न्यायालयाने सांगितले.

या खटल्यात सरकारने मांडलेली बाजू आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर वाचावी. बाईचे शरीर, बाळंतपण, घरची जबाबदारी हे मुद्दे होतेच. शिवाय असेही म्हटले होते की जवान बहुतेक खेड्यांतून आलेले असतात आणि स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानण्याची त्यांची मानसिक तयारी नसते. आता वरची कुरबुर पुन्हा आठवा. वरच्या जातीचा शिपाई महार सुभेदाराचे कसे ऐकणार? माणसे बदलली, शतक बदलले, युक्तिवाद तोच राहिला. पूर्वग्रह बाळगणाऱ्याला शिस्त लावायची की ज्याच्याविरुद्ध पूर्वग्रह आहे त्यालाच दाराबाहेर ठेवायचे, हा प्रश्न दोन्ही वेळा एकच होता. न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला.

नंतरचे निकाल थोडक्यात सांगतो. मार्च २०२० मध्ये नौदलातल्या स्त्री अधिकाऱ्यांसाठी तसाच निर्णय आला. २५ मार्च २०२१ च्या नितिशा खटल्यात न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभाव म्हणजे काय ते उलगडून सांगितले. वरून सारखा दिसणारा नियम प्रत्यक्षात एकाच गटाला बाहेर टाकत असेल तर तोही भेदभावच. पुरुष अधिकाऱ्यांची कायम कमिशनसाठी वैद्यकीय पारख नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झाली होती. स्त्रियांना तोच निकष चाळिशी-पन्नाशीत लावला गेला. १८ ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसता आले. आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी अर्शनूर कौर खटल्यात लष्कराच्या कायदा विभागातील पुरुषांना सहा आणि स्त्रियांना तीन अशी जागांची वाटणी रद्द झाली. तिथे जास्त गुण मिळवलेल्या मुली बाहेर राहत होत्या आणि कमी गुणांची मुले आत जात होती.

आज कोणते दार उघडे आहे

बारावीनंतर एनडीए. ही परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. मुलींना परीक्षा शुल्क नाही. २०२२ मध्ये खडकवासल्याला गेलेल्या पहिल्या तुकडीत ३७० पैकी १९ जागा मुलींना होत्या. त्यांतल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी आपल्या बरोबरीच्या मुलांसोबत उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. १९ हा आकडा ऐकून आनंद मानायचा की ३७० ऐकून विचारात पडायचे, हे वाचकांनी ठरवावे. आम्हाला दोन्ही वाटले.

पदवीनंतर सीडीएस परीक्षा देऊन चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जाता येते. एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीची वेगळी वाट आहे. अभियांत्रिकी, कायदा, वैद्यकीय आणि परिचर्या शिकणाऱ्या मुलींसाठी स्वतंत्र प्रवेश आहेत. हवाई दलासाठी एएफकॅट परीक्षा आहे.

दहावी-बारावीच्या पातळीवर अग्निवीर. जून २०२२ मध्ये ही योजना आली. नौदलाने पहिल्या तुकडीपासूनच मुली घेतल्या. २८ मार्च २०२३ रोजी ओडिशातील आयएनएस चिल्का येथून बाहेर पडलेल्या सुमारे २,६०० अग्निवीरांत २७३ मुली होत्या. हवाई दलही मुली घेते. भूदलात मात्र मुलींसाठी शिपाई म्हणून एकच जागा आहे, ती लष्करी पोलीस दलाची. २०१९ मध्ये ही भरती जाहीर झाली आणि मे २०२१ मध्ये ८३ जणींची पहिली तुकडी बंगळुरूतून बाहेर पडली.

आपल्या दारात असलेल्या तटरक्षक दलाचे काय? मुरूडला त्यांचे केंद्र आहे, गस्तीच्या बोटी आपण रोज बघतो. तिथे स्त्रिया अधिकारी होऊ शकतात. नाविक पदाच्या जाहिराती मात्र पुरुषांसाठीच निघत आल्या आहेत. ज्या मुलींच्या आया पहाटे बंदरावर मासळीच्या टोपल्या उचलतात, त्या मुलींना समुद्र झेपणार नाही असे मानायला आधार कोणता, हे कुणी समजावून सांगितलेले नाही.

महार रेजिमेंट आणि आपल्या मुली

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. महार रेजिमेंट हा आपला अभिमान आहे. वाडीतल्या कितीतरी घरांत आजोबांचा गणवेशातला फोटो बाबासाहेबांच्या फोटोशेजारी असतो. पण ही पायदळाची रेजिमेंट आहे आणि पायदळात, रणगाडा दलात स्त्रियांना अजून प्रवेश नाही, शिपाई म्हणून नाही आणि अधिकारी म्हणूनही नाही. तोफखान्याचे दार २०२३ मध्ये स्त्री अधिकाऱ्यांसाठी उघडले, पायदळाचे उघडलेले नाही. म्हणजे जी रेजिमेंट मिळवायला आपल्या समाजाला पन्नास वर्षे लागली, तिच्यात आपली नात आज जाऊ शकत नाही. १ जानेवारीला कोरेगावला आणि २० मार्चला महाडला समता सैनिक दलाच्या गणवेशात मुली शिस्तीत संचलन करतात, आपण टाळ्या वाजवतो. त्याच मुलीने खऱ्या पलटणीत जायचे म्हटले तर तिला काय उत्तर द्यायचे, याचा विचार आपण केलेला नाही.

उंची, मैदान आणि चार वर्षे

निकषांकडे येऊ. भूदलाच्या मुलींच्या अग्निवीर भरतीच्या अलीकडच्या जाहिरातींत किमान उंची १६२ सेंटीमीटर मागितली आहे. महाराष्ट्रातल्या मुलांना जनरल ड्युटीसाठी १६८. ऐकायला हे न्याय्य वाटते, मुलींना सहा सेंटीमीटरची सवलत. पण भारतीय पुरुषाची सरासरी उंची साधारण १६५ आणि स्त्रीची साधारण १५२ सेंटीमीटर आहे. मुलाने सरासरीपेक्षा तीन सेंटीमीटर उंच असावे आणि मुलीने दहा, अशी ही अट झाली. नितिशा खटल्यात न्यायालयाने ज्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले त्याच्या चौकटीत हा निकष तपासून घ्यायला हवा, असे आमचे मत आहे. आपल्या समाजातल्या कायदा शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा अभ्यासाचा विषय आहे.

मैदानी चाचणीत सोळाशे मीटर धावणे पहिल्या गटासाठी साडेसात मिनिटांत आणि दुसऱ्या गटासाठी आठ मिनिटांत, दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. हे सरावाने जमते. अडचण सरावाची जागा आणि वेळ ही आहे. मुलगा पहाटे पाचला अंधारात रस्त्यावर धावतो. मुलीला उजाडेपर्यंत थांबावे लागते, आणि उजाडले की पाणी, चूल, धाकटी भावंडे, कॉलेजची एसटी. तिच्याकडे दम कमी नसतो, तिच्याकडे सकाळ नसते.

राज्य शासनाची मुलांसाठीची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९७७ मध्ये सुरू झाली. मुलींसाठीची नाशिकला सुरू झाली २०२३ मध्ये. मध्ये ४६ वर्षे गेली. या ४६ वर्षांत किती मुली या वाटेने जाऊ शकल्या असत्या याचा हिशेब कुठल्याच कागदावर सापडणार नाही.

अग्निवीर योजनेबद्दलही डोळे उघडे ठेवू. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे ठेवतात. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन परततात, पेन्शन नाही. आपल्या समाजाला लष्कराने जे दिले त्यात गणवेशाइतकीच पेन्शन महत्त्वाची होती. दापोली-महाडच्या पेन्शनरांना कुणा खोताच्या दारात उभे राहावे लागत नव्हते, म्हणून ते अर्ज लिहू शकले, शाळा काढू शकले, सभेत बोलू शकले. हा आधार आता अधिकारी पदावर उरला आहे, अग्निवीराच्या पदावर बहुतेकांना नाही. म्हणून बारावीतल्या हुशार मुलीला आम्ही आधी एनडीए आणि पदवीनंतरच्या अधिकारी परीक्षांची वाट सांगू, अग्निवीर त्यानंतर.

आरक्षण कुठे आहे, कुठे नाही

इथे बराच गोंधळ आढळतो. तिन्ही सेनादलांच्या भरतीत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा नाहीत. सैनिकी शाळांच्या प्रवेशात मात्र १५ टक्के जागा आहेत, आणि २०२१-२२ पासून या शाळा मुलींसाठीही खुल्या आहेत. साताऱ्याची सैनिकी शाळा आपल्याला जवळची. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतच तयारी लागते. ही माहिती पाचवीतल्या मुलीच्या आईपर्यंत वेळेत पोहोचली नाही तर तिचा उपयोग शून्य.

सीआरपीएफ, सीआयएसएफ, बीएसएफ ही केंद्रीय सशस्त्र पोलीस दले वेगळी. तिथे अनुसूचित जातींचे आरक्षण लागू आहे. २०१६ च्या निर्णयानुसार सीआरपीएफ आणि सीआयएसएफमध्ये शिपाई पदावर ३३ टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, म्हणून केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. अग्निवीर भरतीत जातीच्या दाखल्यावर धर्माचा उल्लेख नसेल तर धर्माचा वेगळा दाखला मागतात. अविवाहित असल्याचा, फोटो लावलेला सरपंचांचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे आणि आधारवरचे नाव, जन्मतारीख अक्षरशः जुळली पाहिजे. मैदान जिंकून कागदावर हरलेली मुलगी घरी परत येते, तेव्हा तिच्यामागून येणाऱ्या दोघीही थांबतात.

धम्म काय सांगतो?

हा प्रश्न आमच्याकडे तरुण उपासक-उपासिका नेहमी विचारतात आणि तो टाळू नये. सम्यक आजीविकेत शस्त्रांचा व्यापार वर्ज्य आहे. सिद्धार्थाने रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्यास विरोध केला आणि त्याची किंमत गृहत्यागाने मोजली, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. त्याच ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. तथागतांना शरण आलेला सिंह हा लिच्छवींचा सेनापती होता, याचीही नोंद आहे. गणवेश घालायचा की नाही हा निर्णय ज्याने-त्याने आपल्या विवेकाने घ्यावा. पण पंचशील मुलाला एक आणि मुलीला दुसरे नाही. भाऊ पलटणीत गेला तर पेढे आणि बहीण निघाली तर अहिंसेची आठवण, याला धम्म म्हणता येणार नाही.

महाप्रजापती गौतमीची कथा आपण विहारात ऐकतो. ती अनवाणी वैशालीपर्यंत चालत गेली, दाराशी उभी राहिली. आनंदाने तिच्यावतीने विचारलेला प्रश्न सरळ होता, स्त्री ही पात्र आहे की नाही? उत्तर 'आहे' असे मिळाले. पात्रता मान्य झाली की दार बंद ठेवायला कारण उरत नाही.

आता आपण काय करायचे

गावच्या शाखा आणि मुंबईची मंडळे दरवर्षी जयंतीचा हिशेब मांडतात. त्यातला छोटा भाग मुलींच्या तयारीसाठी ठेवता येईल. विहाराच्या आवारात किंवा शाळेच्या मैदानावर सकाळी एक तास मुलींचा सराव, सोबत गावातला एखादा निवृत्त सैनिक आणि दोन वडीलधाऱ्या बायका. इतके असले तरी पहाटेच्या अंधाराचा प्रश्न सुटतो. घरातल्या कामाची वाटणी भावाशी करावी लागेल, ते आईवडिलांनी करायचे. कॉलेजात एनसीसी आहे का ते विचारा. किनारी आणि सीमावर्ती १७३ जिल्ह्यांत एक लाख छात्र, त्यांत एक तृतीयांश मुली, अशी वाढ १५ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर झाली होती. रायगड हा किनारी जिल्हा आहे, तेव्हा आपल्या कॉलेजला ही तुकडी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. वर्षावासात प्रवचनाआधी दहा मिनिटे भरतीच्या तारखा वाचून दाखवायला काहीच हरकत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले होते. कमीपणाची खूण असलेले कपडे-दागिने टाका आणि मुलींना शाळेत घाला, असा त्याचा रोख होता. त्या सभेतल्या बायका घरी गेल्या आणि त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. त्यांच्या पणत्यांना कोणता गणवेश घालायचा ते त्या ठरवतील. वलंगकरांना त्यांच्या अर्जाचे फळ दिसले नाही. आजच्या साडेसतरा वर्षांच्या मुलीकडे मात्र वाट बघायला पन्नास वर्षे नाहीत. अग्निवीराची वयोमर्यादा एकविसाव्या वर्षी संपते. तिच्या हातात फार तर तीन-साडेतीन वर्षे आहेत, आणि त्यातले एक आपण माहिती पोहोचवण्यातच घालवतो.

जयभीम. नमो बुद्धाय.